महापालिकेतून राजकीय प्रभावाकडे : अमेरिकेतील पुरोगामी उमेदवारांची स्थानिक वाटचाल

संदर्भलेख

अमेरिकेत ४ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या स्थानिक निवडणुकांत झोहरान ममदानी न्यूयॉर्कच्या, तर केटी विल्सन सिएटलच्या महापौरपदी निवडून आल्या. ममदानी हे राज्य विधानसभेचे सदस्य होते. विल्सन यांची ओळख सार्वजनिक वाहतुकीच्या प्रवाशांची संघटना बांधणाऱ्या कार्यकर्त्या अशी होती. दोघांनीही घरभाडे, वेतन, बालसंगोपन आणि बसप्रवास या दैनंदिन खर्चाच्या प्रश्नांवर प्रचार केला. देशाच्या सर्वांत मोठ्या शहराचा कारभार स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणविणाऱ्या ३४ वर्षांच्या नेत्याकडे गेल्यामुळे या निकालाची जगभर दखल घेतली गेली.

हा निकाल मात्र अचानक घडलेला नाही. पक्षश्रेष्ठींचा आणि मोठ्या देणगीदारांचा पाठिंबा नसताना नगरपरिषद, शाळा मंडळ किंवा महापौरपद जिंकायचे, कारभार करून दाखवायचा आणि त्या बळावर राज्य व राष्ट्रीय राजकारणात स्थान मिळवायचे, या पद्धतीला अमेरिकेत शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. मिलवॉकी, बर्लिंग्टन, रिचमंड, सिएटल व शिकागो ही त्यातील महत्त्वाची ठिकाणे. या शहरांत काय साधले, काय निसटले आणि कशामुळे, याचा हा आढावा.

‘पुरोगामी’ म्हणजे कोण?

महाराष्ट्रात ‘पुरोगामी’ हा शब्द महात्मा फुले, राजर्षी शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या समाजसुधारणेच्या परंपरेशी जोडलेला आहे. अमेरिकेतील वापर काहीसा वेगळा आहे. किमान वेतनवाढ, भाडेकरूंना संरक्षण, सार्वजनिक सेवांचा विस्तार, श्रीमंतांवर अधिक कर, पोलीस व फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा आणि उद्योगांच्या देणग्यांना नकार अशी भूमिका घेणाऱ्या उमेदवारांना तेथे पुरोगामी म्हटले जाते. त्यांपैकी बहुतेक जण डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतून पुढे येतात. काही अपक्ष, ग्रीन पक्षाचे, तर काही स्थानिक आघाड्यांचे असतात. लोकशाही समाजवादी हा या प्रवाहातील एक गट आहे. सर्वच पुरोगामी उमेदवार समाजवादी नसतात.

स्थानिक पदेच का?

अमेरिकेत काउंटी, नगरपालिका, टाउनशिप, शाळा जिल्हे आणि विशेष कामांसाठीचे जिल्हे मिळून सुमारे ९० हजार स्थानिक शासनसंस्था आहेत. देशात निवडून येणाऱ्या पदांची संख्या पाच लाखांच्या घरात जाते. जिल्हा सरकारी वकील आणि शाळा मंडळाचे सदस्य हेही बहुतेक ठिकाणी मतदानानेच ठरतात. नवख्या उमेदवाराला प्रवेश मिळू शकेल अशी दारे त्यामुळे असंख्य आहेत.

स्थानिक निवडणुकीत मतदान साधारणपणे कमी होते. अनेक शहरांत ती अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षात होतही नाही. म्हणून काही शे कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन केलेला प्रचार निकाल फिरवू शकतो. पुष्कळ शहरांत या निवडणुका पक्षचिन्हाविना होतात. पक्षाची उमेदवारी न मिळालेल्यालाही तेथे समान पातळीवर उतरता येते.

भारतातील वाचकाने एक फरक लक्षात ठेवायला हवा. महाराष्ट्रातील महापालिकांत महापौराची निवड नगरसेवक करतात आणि कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. न्यूयॉर्क, शिकागो किंवा सिएटलचा महापौर थेट जनतेतून निवडला जातो. अंदाजपत्रक मांडणे, खातेप्रमुख नेमणे आणि परिषदेने संमत केलेल्या ठरावावर नकाराधिकार वापरणे हे त्याचे अधिकार आहेत. त्यामुळे तेथील महापौरपद हे खरे सत्तास्थान ठरते.

मिलवॉकी : गटारे, उद्याने आणि चोख हिशेब

विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी या औद्योगिक शहराने १९१० मध्ये एमिल सायडेल यांना महापौर केले. मोठ्या अमेरिकी शहराचे ते पहिले समाजवादी महापौर. त्याच वर्षी याच शहरातून व्हिक्टर बर्गर हे प्रतिनिधिगृहावर निवडून गेलेले पहिले समाजवादी सदस्य ठरले. १९१२ मध्ये डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन एकत्र आले आणि सायडेल पराभूत झाले. तथापि १९१६ ते १९४० अशी सलग २४ वर्षे डॅनियल होन आणि पुढे १९४८ ते १९६० फ्रँक झाइडलर यांनी हे शहर समाजवादी महापौर म्हणून चालविले.

सार्वजनिक आरोग्य, सांडपाण्याची व्यवस्था, उद्याने आणि भ्रष्टाचारमुक्त हिशेब यांवर या मंडळींचा भर होता. क्रांतीच्या भाषेत रस असलेल्या त्यांच्याच पक्षातील टीकाकारांनी त्यांना ‘गटारवाले समाजवादी’ असे हिणविले. कालांतराने ते बिरुदच झाले. कचरा वेळेवर उचलला गेला आणि पैशाचा हिशेब लागला, तर मतदार विचारसरणीच्या नावाला घाबरत नाही, हा मिलवॉकीचा धडा पुढील पिढ्यांनी वारंवार आठवला. ममदानी यांनीही प्रचारात या परंपरेचा उल्लेख केला होता.

बर्लिंग्टन : दहा मतांनी उघडलेले दार

आधुनिक काळातील सर्वांत परिणामकारक उदाहरण व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टनचे आहे. १९८० मध्ये या शहराची लोकसंख्या ३८ हजारांच्या आसपास होती. बर्नी सँडर्स १९७० च्या दशकात राज्यपातळीवरील निवडणुका वारंवार लढले आणि प्रत्येक वेळी मोठ्या फरकाने हरले. मार्च १९८१ मध्ये ते अपक्ष म्हणून महापौरपदासाठी उभे राहिले आणि पाच वेळा निवडून आलेल्या गॉर्डन पॅकेट यांना फेरमोजणीनंतर केवळ १० मतांनी हरवून विजयी झाले.

पहिले वर्ष कठीण गेले. १३ सदस्यांच्या परिषदेत त्यांचे समर्थक नगण्य होते आणि बहुमताने त्यांच्या नेमणुका अडविल्या. या अडवणुकीला उत्तर १९८२ च्या परिषद निवडणुकीत मिळाले. सँडर्स यांच्या बाजूचे सदस्य वाढले आणि त्यांचा नकाराधिकार मोडून काढणे विरोधकांना अशक्य झाले. एका व्यक्तीच्या विजयाचे संघटनेत रूपांतर झाले ते येथे. ‘प्रोग्रेसिव्ह कोअॅलिशन’ नावाने उभी राहिलेली ही आघाडी पुढे व्हरमाँट प्रोग्रेसिव्ह पार्टी म्हणून राज्यभर विस्तारली.

सँडर्स यांच्या कारकिर्दीतील दोन कामे आजही दिसतात. पहिले, १९८४ मध्ये नगरपालिकेच्या दोन लाख डॉलरच्या अर्थसाहाय्याने सुरू झालेला सामुदायिक भूविश्वस्त निधी. यात जमीन विश्वस्त संस्थेच्या मालकीची राहते आणि रहिवासी केवळ घर विकत घेतो. घर विकताना नफ्याचा ठरावीक वाटाच त्याला मिळतो, त्यामुळे पुढील खरेदीदारासाठीही किंमत आवाक्यात राहते. ही संस्था आज चॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट या नावाने ओळखली जाते आणि आपल्या प्रकारच्या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या संस्थांत गणली जाते. दुसरे, चॅम्प्लेन सरोवराचा काठ. रेल्वेच्या ताब्यातील या जमिनीवरचा हक्क न्यायालयीन लढ्यातून शहराकडे आला आणि तेथे सार्वजनिक उद्यान झाले. काठावरील मोठ्या बांधकाम प्रकल्पाला सँडर्स यांनी आरंभी पाठिंबा दिला होता. त्यासाठीच्या कर्जरोख्यांना १९८५ मध्ये मतदारांनी पुरेसे बहुमत दिले नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.

चार कार्यकाळांनंतर १९८९ मध्ये सँडर्स पदावरून उतरले. त्यांचे सहकारी पीटर क्लॅव्हेल महापौर झाले. १९९० मध्ये सँडर्स प्रतिनिधिगृहात, २००६ मध्ये सिनेटमध्ये निवडून गेले. २०१६ आणि २०२० मध्ये ते अध्यक्षपदाच्या उमेदवारीचे प्रमुख दावेदार होते. बर्लिंग्टनमध्ये २०२४ साली प्रोग्रेसिव्ह पार्टीच्या एमा मल्वेनी-स्टॅनॅक महापौर झाल्या. या पदावर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला होत.

रिचमंड : तेलशुद्धीकरण कारखान्याच्या छायेत

कॅलिफोर्नियातील रिचमंड हे सव्वा लाखाच्या आतील लोकसंख्येचे कष्टकरी शहर आहे. १९०२ पासून येथे असलेला आणि आज शेव्हरॉन कंपनीच्या मालकीचा तेलशुद्धीकरण कारखाना हा शहराचा सर्वांत मोठा करदाता आणि दीर्घकाळ राजकारणाचा सूत्रधार होता. त्याला आव्हान देण्यासाठी या शतकाच्या आरंभी ‘रिचमंड प्रोग्रेसिव्ह अलायन्स’ स्थापन झाली. तिचा मुख्य नियम साधा होता : आघाडीचा उमेदवार कोणत्याही उद्योगाकडून देणगी घेणार नाही. दुसरे वैशिष्ट्य असे की, निवडणूक संपल्यावर ही आघाडी विसर्जित झाली नाही. सभासद, वर्गणी, कार्यालय आणि बैठका वर्षभर चालू राहिल्या.

ग्रीन पक्षाच्या गेल मॅक्लॉक्लिन २००६ मध्ये महापौर झाल्या. शहराने कारखान्याकडून अधिक कर मागितला आणि २०१० मध्ये १५ वर्षांत ११.४ कोटी डॉलर देण्याचा समझोता झाला. ६ ऑगस्ट २०१२ रोजी कारखान्यात मोठी आग लागली. सुमारे १५ हजार नागरिकांना श्वसनाच्या व अन्य त्रासांमुळे वैद्यकीय मदत घ्यावी लागली. शहराने कंपनीवर दावा दाखल केला. २०१४ च्या निवडणुकीत कंपनीने आपल्या पसंतीच्या उमेदवारांसाठी व आघाडीच्या विरोधात सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले. तरीही आघाडीचे तिन्ही उमेदवार परिषदेवर निवडून आले.

२०१६ मध्ये मतदारांनी भाडेनियंत्रणाचा प्रस्ताव मंजूर केला. कॅलिफोर्नियात सुमारे तीन दशकांनंतर नव्याने झालेले हे पहिले भाडेनियंत्रण होते. त्याच वेळी सात सदस्यांच्या परिषदेत आघाडीचे पाच जण झाले. २०२४ मध्ये शहराने तेलशुद्धीकरणावर नवा कर बसविण्याचा प्रस्ताव मतदानास ठेवण्याची तयारी केली, तेव्हा कंपनीने दहा वर्षांत ५५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले आणि प्रस्ताव मागे घेण्यात आला. २०१० च्या रकमेशी तुलना केली, तर दोन दशकांच्या संघटनेने शहराची वाटाघाटीची ताकद किती वाढविली, हे स्पष्ट होते.

सिएटल : पुण्यात जन्मलेल्या नगरसेविका

वॉशिंग्टन राज्यातील सिएटलच्या घडामोडींना महाराष्ट्राचा थेट संदर्भ आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत यांनी मुंबई विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेतली. पुढे अमेरिकेत अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवून त्या अध्यापन करू लागल्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘सोशलिस्ट अल्टरनेटिव्ह’ या छोट्या संघटनेच्या उमेदवार म्हणून त्यांनी दीर्घकाळ नगरसेवक असलेल्या रिचर्ड कॉनलिन यांचा पराभव केला. त्यांच्या प्रचाराची मागणी एका वाक्यात मावणारी होती : ताशी १५ डॉलर किमान वेतन.

जून २०१४ मध्ये सिएटल परिषदेने ही मागणी टप्प्याटप्प्याने लागू करणारा ठराव एकमताने संमत केला. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर थांबलेले असताना सिएटलमधील दर महागाईशी जोडलेला असल्याने २०२५ मध्ये २०.७६ डॉलर झाला. या निर्णयाच्या परिणामांवर अभ्यासकांत मतभेद आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०१७ मधील एका अभ्यासात कमी वेतनाच्या कामगारांचे कामाचे तास घटल्याचे आढळले, तर बर्कली येथील अभ्यासकांना उपाहारगृह क्षेत्रात रोजगार घटल्याचे दिसले नाही. राजकीय परिणामाविषयी मात्र वाद नाही. १५ डॉलरची मागणी पुढे अनेक शहरांनी व राज्यांनी स्वीकारली आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय जाहीरनाम्यात ती आली.

मर्यादाही याच शहरात दिसल्या. मे २०१८ मध्ये परिषदेने मोठ्या कंपन्यांवर दर कर्मचाऱ्यामागे वार्षिक २७५ डॉलरचा कर एकमताने मंजूर केला. परवडणारी घरे आणि बेघरांसाठीच्या सेवा हा त्याचा उद्देश होता. अॅमेझॉनसह उद्योगांनी तीव्र विरोध केला आणि महिनाभरात परिषदेने ७ विरुद्ध २ मतांनी तो रद्द केला. २०१९ च्या परिषद निवडणुकीत अॅमेझॉनने सुमारे १५ लाख डॉलर ओतले. सावंत तरीही निवडून आल्या आणि २०२० मध्ये वेगळ्या रचनेचा वेतनपट कर संमत झाला. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पदावरून परत बोलावण्यासाठी मतदान झाले. त्यातून त्या सुमारे ३०० मतांनी वाचल्या.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सावंत यांनी मांडलेला जातिभेदबंदीचा ठराव ६ विरुद्ध १ मतांनी संमत झाला. नोकरी, निवास आणि सार्वजनिक ठिकाणी जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारे सिएटल हे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणारे दलित कर्मचारी व आंबेडकरवादी संघटनांनी त्यासाठी परिषदेसमोर साक्षी दिल्या होत्या. काही हिंदू संघटनांनी हा ठराव एका समाजाकडे संशयाने पाहणारा असल्याचा आक्षेप घेतला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरानेही तरतूद केली. कॅलिफोर्निया विधिमंडळाने संमत केलेले राज्यव्यापी विधेयक मात्र राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नामंजूर केले. नगरपरिषदेत निघालेला प्रश्न राज्याच्या विधिमंडळापर्यंत पोहोचतो, पण तेथे अडूही शकतो, याचे हे उदाहरण होय.

सावंत यांनी २०२३ ची निवडणूक लढविली नाही. मधल्या काळात परिषदेत मध्यममार्गी सदस्यांचे बहुमत झाले. दोन वर्षांनी विल्सन यांच्या विजयाने वारे पुन्हा फिरले. सिएटलच्या राजकारणाचा अर्थ त्यामुळे एका निकालावरून लावता येत नाही.

विजयानंतरचे अडथळे

पहिला अडथळा घटनात्मक आहे. अमेरिकी कायद्यानुसार शहरांचे अधिकार राज्याकडून आलेले असतात आणि राज्य ते काढूनही घेऊ शकते. अलाबामातील बर्मिंगहॅम शहराने किमान वेतन ताशी १०.१० डॉलर करण्याचे ठरविले, तेव्हा राज्य विधिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये कायदा करून शहरांचा हा अधिकारच संपविला. अनेक राज्यांत भाडेनियंत्रणालाही अशीच मनाई आहे.

दुसरा अडथळा पैशाचा. शहराला अंदाजपत्रक जुळवावेच लागते. शिकागोत शिक्षक संघटनेचे कार्यकर्ते ब्रँडन जॉन्सन २०२३ मध्ये महापौर झाले. बेघरांसाठी निधी उभारण्याकरिता महाग मालमत्तांच्या हस्तांतरणावर अधिक कर लावण्याचा त्यांनी पाठिंबा दिलेला प्रस्ताव मार्च २०२४ मध्ये मतदारांनी फेटाळला. मालमत्ता कर वाढविणार नाही असे आश्वासन देणाऱ्या जॉन्सन यांनी पुढे ३० कोटी डॉलरची करवाढ सुचविली. ५० सदस्यांच्या परिषदेने ती ५० विरुद्ध शून्य मतांनी नाकारली. महापौराचे मित्रही त्यात होते.

तिसरा अडथळा जनमताच्या बदलाचा. सॅन फ्रान्सिस्कोत २०१९ मध्ये निवडून आलेले सुधारणावादी जिल्हा सरकारी वकील चेसा बूडिन यांना गुन्हेगारीविषयीच्या असंतोषामुळे जून २०२२ मध्ये मतदारांनी परत बोलावले. फिलाडेल्फियात त्याच भूमिकेचे लॅरी क्रॅस्नर २०१७, २०२१ आणि २०२५ असे तीनदा निवडून आले. भूमिका सारखीच असली, तरी स्थानिक परिस्थिती आणि संघटन यांमुळे निकाल बदलतो.

न्यूयॉर्क : सर्वांत मोठी कसोटी

ममदानी यांचा जन्म १९९१ मध्ये युगांडातील कंपाला येथे झाला. चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर आणि अभ्यासक महमूद ममदानी हे त्यांचे आईवडील. २०२० मध्ये क्वीन्समधील अॅस्टोरिया भागातून ते राज्य विधानसभेवर निवडून आले. २०२१ मध्ये कर्जबाजारी टॅक्सीचालकांच्या १५ दिवसांच्या उपोषणात ते सहभागी झाले होते. जून २०२५ च्या प्राथमिक निवडणुकीत त्यांनी माजी राज्यपाल अँड्र्यू कुओमो यांना हरविले आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा त्यांच्यावरच मात केली. या निवडणुकीत २० लाखांहून अधिक नागरिकांनी मतदान केले. १९६९ नंतर महापौरपदासाठी झालेले हे सर्वाधिक मतदान होय. १ जानेवारी २०२६ रोजी त्यांनी पदभार स्वीकारला. या शहराचे ते पहिले मुस्लिम आणि पहिले दक्षिण आशियाई वंशाचे महापौर आहेत.

नियमांतील दोन बदलही त्यांच्या उपयोगी पडले. पसंतीक्रमानुसार मतदानामुळे समविचारी उमेदवारांना एकमेकांना पाठिंबा देता आला. शहरातील रहिवाशाने दिलेल्या छोट्या देणगीवर एकास आठ या प्रमाणात सार्वजनिक निधी मिळण्याच्या योजनेमुळे मोठ्या देणगीदारांविना प्रचार शक्य झाला.

त्यांच्या आश्वासनांची पूर्तता कोणाच्या हाती आहे, हे पाहिले की स्थानिक सत्तेची सीमा कळते. शहरातील सुमारे दहा लाख नियंत्रित घरांचे भाडे ठरविणाऱ्या नऊ सदस्यीय मंडळाच्या नेमणुका महापौर करतो. महापौर बिल डी ब्लासिओ यांच्या काळात या मंडळाने एक वर्षाच्या करारांवरील भाडे तीनदा गोठविले होते. भाडे गोठविणे त्यामुळे महापौराच्या आवाक्यात आहे. मोफत बससेवेचे तसे नाही, कारण वाहतूक प्राधिकरण राज्याचे आहे. श्रीमंतांवरील आयकर वाढविण्यासाठीही राज्याची राजधानी ऑल्बनी येथील विधिमंडळ आणि राज्यपालांची संमती लागते. भाडे गोठविल्यास जुन्या इमारतींची दुरुस्ती रखडेल आणि नवी घरे बांधण्याचा उत्साह मावळेल, हा घरमालकांचा व काही अर्थतज्ज्ञांचा आक्षेपही त्यांना हाताळावा लागणार आहे.

प्रभाव कशाने टिकतो?

वरील उदाहरणांत काही गोष्टी समान आढळतात. महापौरपद जिंकल्यानंतर परिषदेतील जागा जिंकल्या तेथेच कार्यक्रम पुढे सरकला. बर्लिंग्टन आणि रिचमंड ही त्याची उदाहरणे, तर शिकागो हे उलट उदाहरण. निवडणुकीनंतरही चालू राहिलेली संघटना नेत्याच्या निवृत्तीनंतर टिकली. विश्वस्त निधी, महागाईशी जोडलेले वेतन, सार्वजनिक उद्यान अशी संस्थात्मक रूप घेतलेली कामे सत्ता बदलल्यावरही उरली. आणि प्रत्येक ठिकाणी मतदाराने विचारसरणीआधी घरभाडे, पगार व नागरी सेवा यांचा हिशेब मागितला.

ठळक घटनाक्रम

१९१० : मिलवॉकीच्या महापौरपदी एमिल सायडेल.
१९८१ : बर्नी सँडर्स १० मतांनी बर्लिंग्टनचे महापौर.
२००६ : रिचमंडच्या महापौरपदी गेल मॅक्लॉक्लिन.
२०१३ : क्षमा सावंत सिएटल नगरपरिषदेवर.
२०१४ : सिएटलमध्ये १५ डॉलर किमान वेतनाचा ठराव.
२०१६ : रिचमंडमध्ये भाडेनियंत्रण, बर्मिंगहॅमची वेतनवाढ राज्याकडून रोखली.
२०२३ : सिएटलमध्ये जातिभेदबंदी, शिकागोत ब्रँडन जॉन्सन महापौर.
२०२४ : रिचमंड आणि शेव्हरॉन यांच्यात ५५ कोटी डॉलरचा समझोता.
२०२५ : न्यूयॉर्कमध्ये झोहरान ममदानी, सिएटलमध्ये केटी विल्सन विजयी.